पाहुण्याला पाणी नको

१

रोज सकाळी साडेसहाला मी बायकोला कुशीवर वळवायचो. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, आणि माझा गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून. तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. डावा हात, डावा पाय आणि तोंडाची डावी बाजू, तिन्ही एकाच सकाळी गेली. बोलणंही गेलं. राहिला तो एक हुंकार, आणि त्या एका हुंकारात ती मला सगळं सांगायची. चहा गार आहे. उशी सरकलीय. आज दाढी केली नाहीस.

वळवलं की खालची चादर काढायची, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, धुतलेली चादर घालायची. काढलेली चादर ओली असायचीच. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. चौथी झाली आणि वडिलांनी हातात इस्त्री दिली, तेव्हापासून बावन्न वर्षं मी लोकांचे कपडे धुतले. परक्यांच्या चादरी जड झाल्या नाहीत, मग घरच्या माणसाची का व्हावी?

आमची मुलगी एका शाळेच्या ऑफिसात कामाला. संसार मोडून माघारी आली, तेव्हापासून तिच्या आवाजाला जरा धार आली होती. त्या वर्षी पाणी तीन दिवसांनी एकदा यायला लागलं. खिडकीखालच्या मातीत माझे सहा गुलाब होते. ती म्हणाली, "बाबा, माणसांना पाणी पुरवायचं की फुलांना, ते एकदा ठरवा."

एका रविवारी ती रोपवाल्याला घेऊनच आली. त्याने दोन गुलाब उपटले आणि त्या जागी गुडघ्याएवढं एक झुडूप लावलं. पानं लहान, चामड्यासारखी कडक, राखेत बुडवून काढल्यासारखी हिरवी. आणि सगळी कडेवर उभी. इतर झाडांची पानं आडवी पसरतात, याची उभी.

"ऊन अंगावर घ्यायचं नाही म्हणून उभी," रोपवाला म्हणाला. "वाळवंटातलं आहे, आजोबा. बारा महिने हिरवं. पहिले दोन महिने जरा पाणी द्या, पुढे थेंबसुद्धा नको. लाड केलेत तर मरेल."

"आणि नाही केले तर?"

"तर तुमच्या माझ्या मागे राहील."

त्याने नाव सांगितलं, पण माझी जीभ काही वळली नाही. मुलगी हसली. "आपण याला पाहुणा म्हणू. चहापाणी न मागणारा पहिलाच पाहुणा आपल्याकडे."

खिडकीच्या आतून बायको हुंकारली. तो हसण्याचा हुंकार होता. आता विचार केला तर वाटतं, मी ऐकलेला तो शेवटचा.

२

पाहुणा वर्षभरात माझ्या कमरेला लागला. पहिले दोन महिने पाणी घातलं, मग सांगितल्याप्रमाणे बंद केलं. त्याला काही फरक पडला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी कपडे वाळत घालायची दोरी तुटली. हातात पिळलेली चादर, खाली माती. आमच्या धंद्यात दोरी अपुरी पडली की कुंपणावर, झुडपावर कपडे टाकतात, ही काही नवी गोष्ट नाही. फक्त झाडाला चीक नको आणि काटे नकोत, एवढं बघायचं. पाहुण्याला दोन्ही नव्हतं. मी चादर झटकली आणि त्याच्यावर पसरली. चारी टोकं ओढून सारखी केली.

आत जाऊन चहा टाकला. बायकोला चमच्याने पाजला, मी अर्धा कप घेतला, आणि नवी दोरी शोधायला बाहेर आलो. चादरीला हाताची पाठ लावून बघितली. आम्ही ओल तळव्याने बघत नाही, हाताच्या पाठीने बघतो. तळवा खोटं सांगतो.

चादर वाळली होती.

आठ वाजले नव्हते. तिथे ऊन अजून पोचलं नव्हतं.

मी चादर उचलली आणि जरा तसाच थांबलो. एकेरी सुती चादर कोरडी किती भरते ते माझ्या हाताला माहीत आहे. कुणी रात्रभर दवात ठेवून आणली तरी मी घडी न उघडता सांगायचो. ही चादर कोरडीपेक्षा हलकी होती. कसं सांगू? कापूस म्हटलं की त्यात थोडी ओल असतेच. ती गेली तर ते कापूस राहत नाही, त्याचा कागद होतो. घडी घालताना ती कागदासारखी वाजली.

जुनी झालीय, विरलीय, असं मी मनाला सांगितलं. तरी तिला शिंपडा मारून इस्त्री केली तेव्हा नेहमीच्या तिप्पट पाणी लागलं.

नवी दोरी दुपारी आणली. पण बांधली नाही. खोटं कशाला सांगू, माझी सोय झाली होती. घरात चादरी मोजून पाच, त्यातल्या दोन नेहमी ओल्या. आता सकाळी धुतलेली चादर चहा होईपर्यंत तयार मिळायची. पाण्याची टंचाई होती, तेव्हा कधी कधी नुसती पाण्यातून काढायचो, साबणही नाही. बायकोच्या अंगाखालची चादर तशीच अर्धवट ओली पाहुण्यावर जायची. वास राहायचा नाही, डाग राहायचा नाही. काहीच राहायचं नाही.

असे दोन महिने गेले.

३

उरलेले चार गुलाब मेले. पाणी कमी घालत होतो, त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मग गवत गेलं. मग पाहुण्याभोवतीची माती मुंग्यासुद्धा सोडून गेल्या.

भिंतीपलीकडे एक बाई राहतात, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणतात. त्या भिंतीवरून डोकं काढून म्हणाल्या, "काय लाँड्रीवाले, झाड लावलंत की जमिनीला भोक पाडलंत?"

"काय झालं, बाई?"

"माझी जाई गेली. कुंड्यांतलं सगळं गेलं. तीस वर्षं पोरांना शिकवलं मी, मूळ किती लांब जातं ते मला नका सांगू. सिमेंटच्या कुंडीत कुठलं मूळ शिरतंय?"

"मग आमच्या झाडाचा काय दोष?"

"तेच विचारतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा एकदा वरून. मी गच्चीवरून बघितलंय."

आम्हाला गच्ची नाही. मी सुतळीचं एक टोक पाहुण्याच्या खोडाला बांधलं आणि दुसरं टोक धरून फिरलो. हिरवं जिथे मरत होतं तिथे सुतळी सगळीकडे सारखी ताणली गेली. कुठे बोटभरही कमीजास्त नाही. ताट उपडं ठेवून रेघ मारावी तशी ती हद्द होती.

चार दिवसांनी पुन्हा मोजलं. सुतळी दीड हात कमी पडली.

एका बाजूला हद्द बाईंच्या कुंड्या ओलांडून गेली होती. दुसऱ्या बाजूला आमची भिंत होती. मी आत गेलो. खिडकीच्या चौकटीचं लाकूड आक्रसलं होतं, कडी आता लागत नव्हती. खिडकीखालचा रंग पोपडे धरून खाली पडला होता. मी फरशीवर गुडघे टेकले आणि भिंतीपासून हात फिरवत आलो. धुळीत एक वळसा दिसला. त्याच्या दाराकडच्या बाजूला धूळ जराशी चिकट होती, जशी घरातली धूळ असते. खिडकीकडच्या बाजूला ती पिठासारखी उडत होती.

वळसा पलंगाच्या अर्ध्यातून गेला होता.

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काही नाही गं, झुरळ शोधतोय."

तिने हुंकार दिला नाही.

४

माणूस वजनाने आधी कळतो. रोज उचललं की हाताला हिशेब राहतो. त्या आठवड्यात मी तिला कुशीवर वळवलं आणि नेहमीएवढा जोर लावला, तर ती भिंतीवर आदळता आदळता राहिली. चादर कोरडी होती. मला बरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीही कोरडी. तिसऱ्याही. मी तिला दिवसाला आठ पेले पाणी पाजत होतो. स्वतः मोजून. ते कुठे जात होतं?

दर बुधवारी संध्याकाळी नर्स येते, तिला आम्ही सिस्टर म्हणतो. सिस्टरने बायकोच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी खाली बसली नाही, तशीच उभी राहिली.

"आजोबा, पाणी पीत नाहीत का आजी?"

"पिते."

"किती?"

"आठ पेले."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि हळू बोलल्या. माझे कान म्हातारे आहेत पण घर लहान आहे.

सिस्टर गेल्यावर मुलगी दारात उभी राहिली. "बाबा, तुम्ही दमला असाल तर तसं सांगा. त्यात लाज नाही."

"मी दमलो नाही."

"मग आईला तहानलेली का ठेवता? चादरी धुवाव्या लागू नयेत म्हणून?"

मी हळू बोलणारा माणूस. माझं उत्तर तयार होईपर्यंत समोरचा निघून जातो. ती निघून गेली.

मी पेला भरला आणि बायकोजवळ बसलो. चमचा ओठांना लावला. तिने तोंड फिरवलं. मी पुन्हा लावला. तेव्हा तिने चमचा दातांत धरला आणि सोडलाच नाही. घट्ट. आवाज येईपर्यंत घट्ट. आणि तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती. बेचाळीस वर्षांत आमची भांडणं झाली, आठ आठ दिवसांचे अबोले झाले. पण अशी ती कधी बघितली नव्हती. दुसऱ्याच्या घरात घुसलेलं माणूस घराच्या मालकाकडे जसं बघेल, तसं ते बघणं होतं.

आजारी माणूस चिडचिडं होतं. सगळेच सांगतात.

५

तेव्हापासून मी चादरी पाहुण्यावर टाकणं बंद केलं. स्वयंपाकघरात दोरी बांधली. चादरी आता ओल्या नव्हत्याच, मी नुसत्या सवयीने धूत होतो.

पाहुण्याला आता कुणी काही देत नव्हतं, आणि त्याला कोवळी पालवी फुटली. भर उन्हाळ्यात. खिडकीच्या बाजूलाच फुटली. तीसुद्धा उभी पानं, पण त्यांची कड उन्हाकडे नव्हती, पलंगाकडे होती. शेकडो पानं, आणि सगळी एकाच जागी रोखलेली.

दुपारी मुलगी कामावर असायची. त्या वेळी घरात मी, बायको आणि पंखा. एके दिवशी वीज गेली, पंखा थांबला, तेव्हा मला तो आवाज आला. आधीपासून येत असणार, पंख्यात ऐकू येत नसावा.

ओलसर कापडावर तापलेली इस्त्री हळूच टेकवली की एक आवाज येतो. चुर्र नाही, त्याच्या आधीचा, नुसता श्वास सुटल्यासारखा. बावन्न वर्षं मी तो ऐकला. मला झोपेतही ओळखू येतो. तो आवाज पलंगाखालून येत होता. लांब, एकसारखा, न थांबता. इस्त्री कधी ना कधी उचलावी लागते. ही कुणी उचलत नव्हतं.

मी खाली वाकून बघितलं. काही नव्हतं. फरशी, धूळ, तिच्या जुन्या चपला. चपलांचं चामडं तडकून उलगडलं होतं.

मी पलंग ओढून पलीकडच्या भिंतीला लावला. एकट्याने. आधी दोघांना लागायचा. बायको वर असतानासुद्धा तो रिकाम्या पलंगासारखा सरकला. तिथे मी कान दिला. आवाज नव्हता. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "आता बरं वाटेल तुला."

मग स्वयंपाकघरात पाणी आणायला गेलो. पाठ वळवली तेवढाच वेळ. परत आलो तर पलंग खिडकीशी होता.

मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. म्हाताऱ्याच्या डोक्याचा काय भरवसा? मीच परत आणला असेल. ओढून दमलो, नको म्हटलं आणि विसरलो. असं होतं म्हणतात. पण पलंगाच्या पायांच्या रेघा फरशीवर दिसत होत्या. खिडकीपासून भिंतीपर्यंतच्या माझ्या होत्या, वाकड्यातिकड्या, मध्ये मध्ये थांबलेल्या. परतीच्या रेघा सरळ होत्या.

६

शुक्रवारी मी करवत काढली.

मुलगी कामावर गेली होती. मी बायकोला उशीला टेकवून बसवलं आणि सांगितलं, "पाहुणा फार दिवस राहिला. पाठवून देतो." तिचे डोळे करवतीवर होते.

पाहुण्याच्या हद्दीत पाय टाकला की जीभ टाळूला चिकटायची. मी खाली बसलो, खिडकीच्या बाजूची एक अंगठ्याएवढी फांदी धरली आणि करवत लावली. लाकूड कडक असेल असं वाटलं होतं. करवत लोण्यातून जावी तशी गेली.

फांदीतून पाणी आलं. चीक नाही, रस नाही, पाणी. भरभर आलं आणि माझ्या मनगटावरून वाहिलं. ते कोमट होतं. अंगाएवढं कोमट. आणि त्याला पावडरीचा वास होता, मी तिच्या पाठीला रोज लावत होतो त्या पावडरीचा, आणि तिच्या घामाचा, आणि खाली, अगदी तळाशी, तिच्या केसांचा. ती तरुण असताना, नहाल्यावर, केस पुसायच्या आधी यायचा तो. तो वास मी तीस वर्षांत घेतला नव्हता. त्या घरात तो कुठल्याच वस्तूला नव्हता.

माझ्या हातातून करवत पडली.

मी वर बघितलं. खिडकीच्या काचेमागे बायको बसली होती. मी उशीला टेकवली होती, ती आता उशी सोडून पुढे झुकली होती आणि बघत होती. हसत होती. दोन वर्षं मी त्या तोंडाला भरवलं. डावी बाजू लोंबलेली, उजव्या बाजूने जेवढं हसता येईल तेवढं. काचेमागचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं होतं.

मी खिशातला रुमाल काढला आणि कापलेल्या जागी घट्ट बांधला. दोन गाठी मारल्या. रुमाल भिजला, मग वाहायचं थांबलं. तोवर मी तिथे तसाच बसून तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो. आई गं, चुकलं, चुकलं माझं, असं काहीतरी.

आत गेलो तेव्हा ती उशीला टेकलेली होती. तोंड वाकडंच होतं. काचेत कधी कधी वेगळं दिसतं. पण तिने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि तिचे डोळे बारीक झाले.

तेव्हा मला कळलं. मी शिकलेला नाही, मला त्याचं कारण सांगता येणार नाही. चादरीतून, थोडी थोडी करून, माझी बायको मी माझ्याच हातांनी बाहेर नेऊन ठेवली होती. पलंगावर उरलं होतं ते दुसरंच काही, आणि त्याला बाहेरचं झाड तुटलेलं हवं होतं.

संध्याकाळी मुलगी आली ती आनंदातच. "बाई आज शाळेत आल्या होत्या, तक्रार देणार म्हणतायत. मी म्हटलं, काही नको. रविवारी रोपवाला येऊन पाहुण्याला मुळासकट काढतोय. तुम्हालाही नकोच होता ना तो, बाबा?"

"राहू दे," मी म्हटलं.

"काय?"

"राहू दे त्याला."

"गुलाबांसाठी माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतात तुम्ही."

आतल्या खोलीतून हुंकार आला. मुलगी हसली. "बघा, आईसुद्धा म्हणतेय, काढा."

तो हुंकार तिचा नव्हता. चांगला होता, जवळजवळ बरोबर होता. पण माझ्या बायकोचा हुंकार शेवटी वर जायचा. हा सरळच गेला आणि थांबला.

७

रविवारी रोपवाला सकाळी दहाला पहार, फावडं घेऊन आला. मी आधीच पाहुण्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो.

"आजोबा, उठता का जरा?"

"नाही."

"बाबा, तमाशा करू नका," मुलगी म्हणाली. भिंतीवर बाईंचं डोकं होतं. "आजच्या दिवस तरी. सगळे बघतायत."

"बघू देत."

"एका झाडासाठी? आई आत वाळून चाललीय आणि तुम्ही झाडापाशी बसलाय?"

मी तिला काय सांगणार होतो? की आई इथे आहे? तिने मलाच सिस्टरच्या हवाली केलं असतं, आणि मग पाहुण्यासमोर बसायला कुणी उरलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "तोडलंस तर तुझी आई जाईल, पोरी."

तिचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग ती रोपवाल्याला म्हणाली, "तुम्ही करा तुमचं काम. म्हातारं माणूस आहे."

रोपवाल्याने मला वळसा घातला. खोड कुठे आहे ते बघायला त्याने पहार बाजूला ठेवली आणि पानांत हात घातला, कोपरापर्यंत. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो आधी चाचपत होता. मग चाचपणं थांबलं. हात आत तसाच राहिला, पण तो आता काही शोधत नव्हता. झोपलेल्या माणसावर चुकून हात पडला की आपण जसा तो हलवत नाही, तसा त्याने धरला होता.

त्याने हात हळूहळू बाहेर काढला आणि पँटला पुसला. एकदा, दोनदा, आणि पुन्हा.

"आजोबा, याला पाणी घालता का तुम्ही?"

"नाही. तूच सांगितलंस घालू नका."

"हो," तो म्हणाला. "मीच सांगितलं." त्याने पहार उचलली, फावडं उचललं. "ताई, हे माझ्याच्याने नाही व्हायचं. दुसरा बघा."

"का? काय झालं काय?"

"दुसरा बघा," तो म्हणाला आणि फाटक उघडंच टाकून गेला.

मुलगी तिथेच उभी होती. "ठीक आहे. दुपारी दुसरा आणते. तोवर बसा इथे उन्हात." ती आत गेली. मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला, आईच्या खोलीपर्यंत. खुर्ची सरकली. ती आईजवळ बसली.

मी माझ्या खुर्चीवरून उतरलो आणि गुडघे टेकले. एक हात फांद्यांखाली वरच्या बाजूने घातला, एक खालून. गुडघा कुठे टेकवायचा ते मला शोधावं लागलं नाही. आत अंधार होता, आणि ऊब होती. पानं माझ्या गालाला लागत होती. त्यांच्या कडा कोरड्या पडून चिरल्या होत्या, तापात ओठ चिरतात तशा. आणि ती हलत होती. वारा नव्हता. दोनदा हलायची, थांबायची, मग एकदा लांब. बायको झोपेत असा श्वास घ्यायची. दोन आखूड, एक थांबा, एक लांब. मी त्या श्वासाशेजारी बेचाळीस वर्षं झोपलो.

मी कुशीवर वळवायला घेतो तसे हात उचलले. फांद्या माझ्या हातांवर कलल्या. आणि वजन आलं. सगळं. गेले तीन महिने रोज सकाळी जेवढं कमी भरत होतं, तेवढं सगळं माझ्या हातांत आलं, आणि मला हालता येईना.

"तहान लागलीय ना," मी म्हटलं. "आलोच."

स्वयंपाकघरात मोठ्या पिंपात दोन दिवसांचं पाणी होतं. त्यातली बादली भरली. मागच्या दाराने बाहेर आणली आणि मगाने घालायला लागलो, मुळाशी, हळूहळू, एकदम घातलं तर तिला ठसका लागतो. माती पीत होती. प्रत्येक मगानंतर पानं जराशी सैल होत होती.

तिसरा की चौथा मग असेल. माझ्या मागे, खिडकीच्या आत, पलंग कुरकुरला. जड माणूस उठताना कुरकुरतो तसा नाही. काहीतरी अगदी हलकं, पण फार घाईने.

"बाबा," मुलगी आतून म्हणाली. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. लहानपणी असा आवाज होता तिचा. "बाबा, ते सोडा आणि आत या ना. आई उठून बसलीय. मला जवळ बोलावतेय."

मला तिला हाक मारायची होती. मी सांगितलं ना, माझं उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. खुर्ची सरकली. तिच्या चपला वाजल्या, एक पाऊल, दोन पावलं. आणि मग तो आवाज सुरू झाला, ओल्या कापडावर कुणीतरी इस्त्री टेकवल्यासारखा.

मी बादली टाकून धावलो.